खातं उघडणं सोपं, मिटवणं अवघड: एका 'डिलीट' बटणाचा इतिहास

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

गेल्या महिन्यात रात्री साडेबाराला एक ईमेल आला. 'तुमच्या खात्यात नवीन फोनवरून प्रवेश झाला आहे.' कुठलं खातं, तर अकरावीत असताना उघडलेलं एका मोबाइल गेमचं. शेवटचा खेळलो त्याला सहा वर्षं होऊन गेली. मी विसरलो होतो, पण ते खातं मला विसरलं नव्हतं. पासवर्ड बदलून आत शिरलो आणि बघतो तर काय, सगळं जागच्या जागी. माझी जन्मतारीख, शाळेच्या गणवेशातला फोटो, मित्रांशी केलेल्या शिवीगाळीच्या गप्पा, आणि बाबांच्या डेबिट कार्डाचे शेवटचे चार आकडे. एकदा त्यांना न विचारता साठ रुपयांची बंदूक घेतली होती, त्याची ती आठवण.

म्हटलं, आता हे मिटवूनच टाकू. सेटिंग, मग मदत, मग खाते, मग सुरक्षा, असं शोधत गेलो. शेवटी बटण सापडलं. दाबलं, तर म्हणे 'नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.' आता तो नंबर मी २०१९ सालीच सोडला. मग नंबर बदलायला गेलो, तर नंबर बदलण्यासाठीही जुन्याच नंबरवर ओटीपी! कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. त्यांनी विचारलं, खातं कोणत्या महिन्यात उघडलं, तेव्हाच्या फोनचं मॉडेल काय होतं, पहिल्या खरेदीची पावती आहे का. अहो, माझ्याकडे दहावीची गुणपत्रिका धड सापडत नाही, साठ रुपयांच्या बंदुकीची पावती कुठून आणू?

शेवटी मी माझ्याच जुन्या नंबरला फोन लावला. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी एक प्रश्न. खातं उघडायला वीस सेकंद आणि मिटवायला वीस दिवस, हे असं कधीपासून झालं? त्याचा माग काढायला मी बसलो आणि थेट १९६१ सालात जाऊन पोचलो.

खातं म्हणजे मुळात हिशोब

अमेरिकेत एमआयटी ही संस्था आहे. तिथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये एक प्रणाली दाखवली. तिचं नाव सीटीएसएस. त्या काळी संगणक खोलीएवढा असायचा आणि एका वेळी एकाचंच काम करायचा. सीटीएसएसमुळे एकच संगणक अनेक जण एकाच वेळी वापरू लागले. मग प्रश्न आला, कोणी किती वेळ वापरला हे कसं कळणार? म्हणून प्रत्येकाचं एक खातं, आणि दुसऱ्याने आपला वेळ खाऊ नये म्हणून प्रत्येकाला पासवर्ड.

म्हणजे बघा, 'अकाउंट' हा शब्द तिथे अगदी आपल्या किराणा दुकानातल्या खात्याच्या अर्थाने होता. अमुक माणूस, अमुक तास, इतके शिल्लक.

आणि पासवर्ड आल्यावर लगेचच पासवर्डची चोरीही आली. ॲलन शेर नावाचा संशोधक विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते पुरायचे नाहीत. १९६२ मध्ये त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या खात्यांवर काम करू लागला. हे त्याने स्वतःच पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं.

या गोष्टीतली एक बाब लक्षात ठेवा. तेव्हा संगणकाचा वेळ आणि साठवणुकीची जागा दोन्ही प्रचंड महाग होतं. वापरात नसलेलं खातं ठेवून मालकाला काही मिळत नव्हतं, उलट जागा अडत होती. पुढे ही परिस्थिती नेमकी उलटी झाली, आणि आपली सगळी डोकेदुखी त्यातून निघाली.

भाडं थांबलं तरी पात्र तिथेच

आता ऑनलाइन खेळांकडे येऊ. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आला. हजारो लोक एकाच काल्पनिक जगात, प्रत्येकाचं पात्र, प्रत्येकाची कमाई. दर महिन्याला डॉलरमध्ये शुल्क भरायचं. यात खेळाडूंना घरं बांधता यायची. मालक बरेच दिवस फिरकलाच नाही, तर घर हळूहळू जीर्ण व्हायचं आणि एक दिवस कोसळायचं. बाकीचे खेळाडू त्या घराभोवती दबा धरून बसायचे, कोसळलं की आतलं सामान लुटायला!

मला ही कल्पना फार आवडली. कारण त्यात एक प्रामाणिकपणा होता. वापर नाही, तर जागा सोड.

पण २००४ च्या नोव्हेंबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला, लाखो लोक दरमहा शुल्क भरू लागले, आणि धंद्याचं गणित स्पष्ट झालं. शुल्क थांबलं तरी तुमचं पात्र जपून ठेवायचं. का, तर उद्या परत यावंसं वाटलं तर तो तिथेच उभा असला पाहिजे, त्याच चिलखतात. खेळाडूलाही ते हवंच होतं. दोन-तीन वर्षं रात्री जागून कमावलेलं कोण पुसू देईल?

इथे कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. खेळाचं खातं चोरीला जातं. चोर आत शिरला आणि त्याने एका बटणात सगळं मिटवलं तर? रागाच्या भरात तुम्हीच मिटवलं आणि दुसऱ्या दिवशी रडत आलात तर? शिवाय फसवणूक करून खेळणाऱ्याला कंपनीने बाद केलं, तर त्याची नोंद ठेवावीच लागते, नाहीतर तो रोज नवा जन्म घेऊन येईल. त्यामुळे मिटवण्याआधी चार प्रश्न विचारणं, काही दिवस थांबणं, यात चूक काही नाही. चूक कुठे सुरू होते, तर दार शोधूनही सापडत नाही तिथे.

फुकटचा खेळ आणि झोपलेली खाती

२००९ चा जून. फेसबुकवर 'फार्मव्हिल' आलं. तुमच्यापैकी काहींच्या ताई-दादांनी ऑफिसात लपूनछपून वांगी लावली असतील. खेळ फुकट, नोंदणी एका टिचकीत.

फुकटच्या खेळात खात्याचा अर्थच बदलला. आता खातं म्हणजे कंपनीने तुमच्याशी जोडलेली एक तार. ईमेल आहे म्हणजे उद्या 'परत या, तुमच्यासाठी शंभर नाणी' असं सांगता येतं. 'आमच्याकडे इतके कोटी नोंदणीकृत खेळाडू' असं जाहिरातीत म्हणता येतं, मग त्यातले निम्मे झोपलेले असले तरी. आणि साठवणूक तर स्वस्त झालीच होती. म्हणजे १९६१ मध्ये पडून राहिलेलं खातं हे ओझं होतं, ते आता भांडवल झालं. भांडवल कोण आपणहून सोडतं?

'फार्मव्हिल' ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. पण त्याच्या वर्षभर आधी, २०१९ मध्ये, ते बनवणाऱ्या झिंगा कंपनीवर सायबर हल्ला झाला होता. तिच्या शब्दकोड्यांच्या खेळांमधली सुमारे १७ कोटी खात्यांची माहिती बाहेर गेली. त्यात कित्येक जण असे असणार की ज्यांनी तो खेळ वर्षानुवर्षं उघडलाही नसेल.

त्याच्याही आधीचं मोठं प्रकरण २०११ च्या एप्रिलमधलं. सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये हल्लेखोर शिरले. सुमारे ७ कोटी ७० लाख खाती. नावं, पत्ते, जन्मतारखा, पासवर्ड. नेटवर्क तीनेक आठवडे बंद ठेवावं लागलं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने २०१३ मध्ये कंपनीला अडीच लाख पौंडांचा दंड केला. चोर फाइल उचलतो तेव्हा रोज खेळणारे आणि सहा वर्षं न फिरकलेले असे वेगळे गठ्ठे करत नाही. म्हणून 'राहू दे पडून, काय बिघडतं' हे वाक्य खरं नाही. बिघडतं. माझ्या खात्यात रात्री साडेबाराला कोण शिरलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

अभिमन्यूची गोष्ट, पण ब्रिटनमध्ये

२०१० मध्ये हॅरी ब्रिगनल या ब्रिटिश डिझायनरने वेबसाइटवरच्या अशा फसव्या रचनांना एक नाव दिलं, 'डार्क पॅटर्न'. त्यातल्या एका प्रकाराला तो झुरळाच्या सापळ्याची उपमा देतो. आत जायला सोपं, बाहेर यायला वाट नाही. आपल्याकडे यासाठी झुरळाची गरजच नाही, चक्रव्यूह आहे. फरक इतकाच की अभिमन्यूला आत जाण्याचं ज्ञान आईच्या पोटात मिळालं होतं, आपल्याला ते जाहिरातीत मिळतं.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियन कायद्याच्या विद्यार्थ्याने फेसबुककडे स्वतःची सगळी माहिती मागितली. युरोपच्या कायद्यात तो हक्क होता, फक्त कुणी वापरत नव्हतं. त्याला १,२२२ पानं आली. आणि त्यात त्याने पुसून टाकलेले मेसेजही होते! म्हणजे 'डिलीट' दाबल्यावर ते फक्त त्याच्या नजरेआड झालं होतं. हा गेमचा मामला नव्हता, पण प्रश्न तोच. बटण दाबल्यावर खरंच पुसलं जातं का?

युरोपने २०१६ मध्ये जीडीपीआर हा कायदा मंजूर केला आणि २५ मे २०१८ पासून तो लागू झाला. त्याचं सतरावं कलम म्हणजे माहिती पुसून घेण्याचा हक्क. अमेरिकेतही दणका बसला. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सने तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करून एकूण ५२ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या गोपनीयतेच्या प्रकरणात होते आणि २४.५ कोटी फसव्या रचनेमुळे झालेल्या खरेदीचे. आयोगाच्या आरोपांत एक असाही होता की, पालकांनी मुलांची माहिती पुसायला सांगितली तर त्यांना विनाकारण हेलपाटे मारायला लावले, आणि काही वेळा तर पुसलीच नाही. हेलपाटे! आपल्या तहसील कार्यालयाची आठवण आली ना?

ॲपलनेही नियम केला. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ॲपमधूनच ते मिटवण्याची विनंती करता आली पाहिजे. हा ३० जून २०२२ पासून लागू झाला. गूगल प्लेनेही २०२३ मध्ये असा नियम जाहीर केला आणि २०२४ मध्ये तो अमलात आणला. त्यात एक फार उपयोगाची गोष्ट आहे. ॲप तुम्ही फोनमधून काढून टाकलं असलं तरी, ते पुन्हा न घेता वेबवरून विनंती करता यायला हवी. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर 'डेटा सुरक्षितता' असा भाग असतो, तिथे ही लिंक शोधा.

आपल्याकडे काय?

२ सप्टेंबर २०२० ही तारीख आपल्या पिढीला पाठ आहे. पबजी मोबाइलसह ११८ ॲप्सवर बंदी आली. त्या रात्री कॉलेजच्या ग्रुपवर नुसतं सुतक होतं. पण खातं मिटवायला हवं, हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बंदी ॲपवर येते. दूरच्या सर्व्हरवर साठलेल्या माहितीवर ती आपोआप येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या खेळांवर कायद्याने बंदी आली तेव्हाही तेच. खेळ थांबला, पण केवायसीसाठी दिलेल्या पॅनच्या माहितीचं काय, हे किती जणांनी विचारलं?

आता कायदा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि हा हक्क प्रत्यक्ष लागू व्हायला तिथून अठरा महिने. म्हणजे २०२७ चा मे.

या नियमांत गेमिंगचा वेगळा उल्लेख आहे. भारतात ५० लाख किंवा त्याहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या ऑनलाइन गेमिंग कंपनीकडे तुम्ही तीन वर्षं फिरकला नाहीत, तर तिने तुमची माहिती आपणहून पुसायची, आणि पुसण्याच्या निदान ४८ तास आधी तुम्हाला कळवायचं. वाचून मी उडीच मारली. मग पुढचं बारीक अक्षर वाचलं. तीन वर्षं मोजायची ती शेवटच्या वापरापासून किंवा नियम सुरू झाल्यापासून, जे नंतरचं असेल ते. म्हणजे माझी आधीची सहा वर्षं हिशोबात नाहीत. आणि तुम्हाला खात्यात प्रवेश करता यावा किंवा खात्यातलं आभासी नाणं वापरता यावं म्हणून लागणारी माहिती ठेवायला मुभा आहे. हेतू चांगला आहे, कुणाचे पैसे बुडू नयेत. पण याच फटीतून झोपलेलं खातं झोपलेलंच राहू शकतं.

सुपे, १८७५

हे सगळं वाचताना मला एक गाव आठवत राहिलं. पुणे जिल्ह्यातलं सुपे. पारनेरजवळचं एमआयडीसीचं सुपे नव्हे, बारामती तालुक्यातलं. एमपीएससी करणाऱ्यांनी लगेच ओळखलं असेल, 'दख्खनचे दंगे'.

१२ मे १८७५. बाजारचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. त्यांनी काय मागितलं? खतं आणि वह्या. म्हणजे कर्जरोखे आणि हिशोबाची खाती. ती मिळाली की चौकात जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारने नेमलेल्या आयोगाच्याही लक्षात आलं की लोकांचा रोख कागदांवर होता. कागद निमूट दिले तिथे मारहाण फारशी झाली नाही.

तुलना ताणायची नाही. तिथे जमिनी जात होत्या, माणसं देशोधडीला लागत होती. माझी फक्त एक साठ रुपयांची बंदूक आहे. पण एक धागा सारखा आहे. खातं माझ्या नावाचं, पण वही दुसऱ्याच्या घरात. त्यात काय लिहिलंय ते मला दिसत नाही, आणि खोडायला सांगितलं तर ऐकायला कुणी बांधील नाही.

आणि पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यात वह्या जाळायची परवानगी अर्थातच नव्हती. पण शेतकऱ्याचे रोखे सरकारी निबंधकापुढे लिहायचे, सावकाराने पैशांची पावती द्यायची, मागितल्यावर हिशोबाचा उतारा द्यायचा, आणि कोर्टाने व्यवहाराच्या मुळापर्यंत जायचं, असं ठरलं. म्हणजे आधी 'माझ्या खात्यात काय आहे ते मला दाखव' हा हक्क आला. श्रेम्सने १,२२२ पानं मागितली, तेही तेच होतं. पुसण्याची पहिली पायरी म्हणजे बघणं.

म्हणून आज करता येण्यासारखं काय, ते सांगतो. जुन्या ईमेलमध्ये 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय' हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा, विसरलेली खाती वर येतील. आत जाता आलं तर आधी कार्ड काढा, मग फोटो आणि खरं नाव काढा, शक्य असेल तिथे आपली माहिती उतरवून घ्या, आणि त्यानंतर मिटवण्याची विनंती लेखी पाठवा. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिमकार्ड सोडण्यापूर्वी सगळीकडे नंबर बदला. मी हे केलं नाही, त्याची फळं भोगतोय.

तर, तो फोन

माझा जुना नंबर एका बाईंनी उचलला. लातूरकडच्या होत्या. मी घाबरत घाबरत सांगितलं, ताई, हा नंबर आधी माझा होता. त्या एकदम म्हणाल्या, "म्हंजे ते तुमीच का! दर वर्षी चार फेब्रुवारीला मला हॅपी बर्थडे येतंय. मी म्हणते कुणाचा वाढदिवस हाय की."

मी म्हटलं, माझाच. मग त्यांनी त्यांची तक्रार सांगितली. त्यांच्या लेकराला तोच गेम खेळायचा होता. पण नंबर टाकला की येतं, 'हा नंबर आधीच नोंदवलेला आहे.' दोन वर्षं ते पोरगं मामाच्या नंबरवरून खेळतंय. म्हणजे माझं मेलेलं खातं तिकडे एका जिवंत पोराची जागा अडवून बसलं होतं.

मी म्हटलं, ताई, सोपं आहे. मी आत्ता बटण दाबतो, तुम्हाला सहा आकडे येतील, ते मला सांगा, दोघांचंही काम होईल.

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी चांगले वाटता. पर बँकेतल्या पोरीनं सांगितलंय, ओटीपी आपल्या बापालाबी सांगायचा नाही."

काय बोलणार? बरोबर होतं त्यांचं. मी त्यांना तसंच सांगितलं, ताई, अजिबात देऊ नका, मलाही नाही. आणि फोन ठेवला.

खातं अजून तिथेच आहे. कार्ड काढलंय, फोटो काढलाय. नाव बदलून 'हा खेळाडू आता खेळत नाही' असं ठेवलंय. मिटवण्याची विनंती तिसऱ्यांदा लेखी पाठवली आहे, आणि या वेळी त्यात एक ओळ वाढवली आहे की, या नंबरवर लातूरकडचा एक मुलगा वाट बघतोय.

उत्तर आलं की पुढच्या भागात सांगेन. तोवर तुमच्या अशा न मिटणाऱ्या खात्यांच्या गोष्टी आवाजी संदेशाने पाठवा. आणि हो, ओटीपी सोडून काहीही सांगा.

भेटू पुढच्या आठवड्यात.